सुम्मने गेलो होतो

धारवाडच्या सुभाष रोडवर आंबा आला की लोकांना आंबाच दिसतो. मला माझे पाय आठवतात. हसा खुशाल. गवतात निजवलेले हापूस, करंडीवर वाकून देठाचा वास घेणाऱ्या बायका, "अक्का, आधी वास तर बघा की" म्हणून हाका मारणारे विक्रेते, या सगळ्यांमधून वाट काढत मी चालते आणि नजर आपोआप खाली पावलांवर जाते. एका उन्हाळ्यात या पावलांवर स्लिपरचे पट्टे उमटले होते. अंगठ्याच्या बेचक्यातून दोन्ही बाजूंना गेलेली गोरी रेघ, आणि बाकी सगळा पाय तव्यासारखा काळा. त्या रेघेवरून आमच्या घरात जे रामायण झालं, ते आंबा आला की मला पहिल्यापासून आठवतं. यंदाही आठवलं, आणि यंदा तर भर आंब्यात सुमंगलाचा फोन आला.

सुमंगला ही माझी कॉलेजातली मैत्रीण. घर सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत, वडिलांचं भांड्यांचं दुकान. ती कन्नड, मी मराठी, पण आमच्याकडे त्याचं कुणाला काय! मी तिच्याशी कन्नडमधून सुरुवात करायची, ती मराठीतून उत्तर द्यायची, आणि भांडताना जी जिभेवर येईल ती.

आमचं दुकान हुबळीला, कमरीपेठेत. ताडपत्रीचं. लॉरीवर टाकायची, खळ्यात अंथरायची, मांडवावर ताणायची, सगळी ताडपत्री आमच्याकडे शिवून मिळते. आजोबा मिरजेकडून आले आणि शिलाईचं एक यंत्र मांडून बसले, तेव्हापासून आमच्या घरातल्या माणसांच्या कपड्यांना, केसांना, अगदी चहालासुद्धा त्या मेणकापडाचा वास असतो. मुली नाचगाणी शिकतात तशी मी जाड सुईचं मशीन शिकले. नाचगाणी मला आली नाहीत. मशीन येतं.

तर त्या काळी हुबळीच्या बसस्टँडवर गोरे प्रवासी दिसायचे. हंपी बघून गोकर्णाकडे निघालेले. परीक्षा संपली त्या दिवशी आम्ही दोघी तिथं उसाचा रस पीत उभ्या होतो आणि शेजारी एक गोरी पोरगी, आमच्याच वयाची, पाठीवर अख्खं घर घेऊन उभी होती. लोक तिची आखूड चड्डी बघत होते. मी तिची पिशवी बघत होते. पट्टा कुठं जोडलाय, कंबरेला बंद कशाला, वजन खांद्यावर येतं की पाठीवर. मी तिच्याभोवती एक फेरी मारली. सुमंगलानं माझी ओढणी ओढली.

"खुळी काय ग? लोक बघालेत."

"बघू देत की. मी शिलाई बघतेय."

त्या पोरीला काय कळलं कोण जाणे, ती हसली आणि पाठ वळवून उभी राहिली. मग तिची बस आली, ती चढली आणि गेली. तिला कुणी विचारलं नाही, बाई ग, कुठं चाललीस, कशाला चाललीस, सोबत कोण आहे. ते मला पिशवीपेक्षा जास्त झोंबलं. घरी आले ती तशीच मशीनवर बसले. हिरव्या ताडपत्रीचे उरलेले तुकडे, लाल नायलॉनची पट्टी. आधी माझी पिशवी झाली, मग सुमंगलाची.

अप्पा म्हणजे माझे वडील. बोलायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी पिशवी उचलली, उलटी केली, पट्ट्याला हिसका दिला.

"इथं ताण येणार," ते म्हणाले. "पट्ट्यावर चौकोन मार आणि मधनं फुली मार. नुसता सरळ टाका धरत नाही."

परवानगीच्या बाबतीत अप्पांशी माझं एवढंच बोलणं झालं. बाकीचं बोलायला आमची आत्ती होती, अप्पांची थोरली बहीण. आमच्या घरात कायदा तिचा चालायचा.

"समुद्रकाठानं फिरणार म्हणजे? कुणाकडं?"

"कुणाकडं नाही. कारवारला उतरायचं आणि काठाकाठानं भटकळपर्यंत. जमेल तिथं चालत, दमलो की बस."

"पण कशाला?"

आता या 'कशाला'चं काय करायचं? आमच्या घरातली माणसं प्रवास करायची, नाही असं नाही. देवाला जायची. लग्नाला, बारशाला, मयताला जायची. माल आणायला जायची. पण समुद्र हे कारण आमच्याकडे कुणी ऐकलेलंच नव्हतं. आत्तीनं थोडा वेळ विचार केला आणि तिच्या परीनं मोठ्या मनानं तोडगा काढला. "गोकर्णाला देवाला चाललोय म्हण. कुणी एक शब्द बोलणार नाही." आईनं लगेच मान हलवली. सुटली बिचारी.

मी म्हटलं, नाही. देवाला नाही चाललेय. समुद्र बघायला चाललेय.

देवावर माझा राग नव्हता, आताही नाही. रोज दिवा लावते. पण मला जायचं होतं ते पाण्यासाठी, वाऱ्यासाठी, आपल्या पायांनी कुठवर जाता येतं ते बघण्यासाठी. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट मी माझ्यासाठी मागत होते. तिला दुसऱ्याचं नाव लावलं असतं, तर ती मिळूनही माझी राहिली नसती. सुमंगलानं मात्र घरी सरळ देवदर्शन सांगितलं आणि आईकडून वर ओटीचा नारळही घेऊन आली.

"तोंडानं देव म्हटलं म्हणून समुद्र आटतो काय?" ती मला म्हणाली. हे भांडण आम्ही पिशव्यांबरोबर सगळीकडे वाहून नेलं.

त्या भटकंतीचं काय काय आठवतं? सलग काहीच नाही. अरबैल घाटात बस वळली आणि खिडकीतून येणारी हवा एकदम ओली झाली, ते आठवतं. आपल्याकडची हवा कोरडी, कडक. ही हवा अंगाला चिकटत होती. सुमंगला ओकली. नारळाचं झाड दिसलं की आम्ही एकमेकींना कोपर मारत होतो. मग इतकी झाडं आली की कोपरं दुखायला लागली.

आणि भाकरी! आईनं कडक भाकरीची चवड बांधून दिली होती, शेंगाची चटणी आणि तिळाची चटणी. म्हणजे बाहेर खायला नको, पैसे वाचतील. आमच्याकडची कडक भाकरी महिनाभर टिकते, पापडासारखी मोडते, हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक. पण सात पिढ्यांत समुद्राच्या हवेत ती कुणी नेली नव्हती. दुसऱ्या दिवशीच भाकरी अशी वातड झाली की दातांनी धरून दोन्ही हातांनी ओढावी लागे. आम्ही दोघी अंकोल्याच्या बसस्टँडवर बसून भाकरी ओढत होतो आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी येत होतं. ताडपत्रीचंही तेच. बाहेरचं पाणी आत येत नव्हतं हे खरं, पण पाठीचा घामही बाहेर जात नव्हता. माल आमचा, अक्कलही आमचीच.

त्याच स्टँडवर एका बाईनं विचारलं, "बॅगा काय भावानं?" दोन मुली, पाठीवर नव्या कोऱ्या सारख्याच पिशव्या, म्हणजे विकायलाच आणल्या असणार. दुसरं कारण तिला तरी कुठून सुचणार? मी तोंड उघडायच्या आत सुमंगलानं भाव सांगून टाकला. भांड्यांच्या दुकानातली पोर, गिऱ्हाईक दिसलं की राहवत नाही. बाईनं पट्टा ओढून बघितला, शिवण बघितली. "टाका बरा आहे," म्हणाली, आणि महाग म्हणून निघून गेली. मला वाईट वाटलं की बरं, हे अजून ठरलेलं नाही.

लॉजवर मात्र हसू यायचं नाही. सगळीकडे तोच सवाल.

"सोबत कोण?"

"ही माझ्या सोबत. मी हिच्या सोबत."

"तसं नाही. पुरुष माणूस कोण?"

"कोणी नाही."

"मग रूम नाही."

कारवारला एक म्हातारं जोडपं भेटलं, त्यांनी वऱ्हांडा दिला. पुढे गोकर्णाला एका घरात यात्रेकरूंसाठी खोल्या होत्या. मालकानं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "नवसाला आलाय काय?" सुमंगलानं माझ्याकडे बघितलं. एक 'हो', आणि डोक्यावर छप्पर. तिच्या पायाला फोड आले होते. मी म्हटलं, "नाही. समुद्र बघायला." दार अर्धं लागलं, मग पूर्ण लागलं.

सुमंगला रस्त्यातच बसली. "तू मोठी हरिश्चंद्राची अवतार ग! तुझ्या खरेपणाचे फोड माझ्या पायाला." माझ्याशी ती बोलेना. आम्ही चालत तदडीच्या धक्क्यावर आलो. पलीकडे अघनाशिनी गाव, मध्ये नदी समुद्राला मिळते तो रुंद पट्टा, आणि माणसं, सायकली, टोपल्या भरून जाणारी होडी. ऊन उतरत होतं. होडीत आमच्या समोर रिकामी टोपली मांडीवर घेऊन एक कोळीण बसली होती. देवम्मा तिचं नाव. तिनं पिशव्यांकडे बघितलं, मग सुमंगलाच्या पायांकडे.

"एल्लिगे?" तिनं विचारलं. कुठं?

"काठानं पुढं."

"कुणाकडं?"

"कुणाकडं नाही."

"मग?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रुसलेली सुमंगला बोलली. "सुम्मने," ती म्हणाली. आमच्याकडे मराठी माणसंही सर्रास म्हणतात, सुम्मने. उगाच. काही कारण नाही. मनात आलं म्हणून.

 देवम्मा हसायला लागली ती थांबेना. तोंडातलं पान सांभाळत म्हणाली, "मी पण म्हणते असं. एक दिवस सुम्मने जाईन कुठंतरी. टोपली न घेता. जमतंय कुठं?" होडी लागली तशी उठली. "चला, घरी गंजी आहे."

लाल तांदळाची ती गंजी, म्हणजे पेज, आणि करकरीत मिडी आंब्याचं, कोवळ्या बाळकैरीचं लोणचं. त्यापुढे शिरा-पुरी झक मारते. देवम्मानं आमची भाकरी चाखली, भुवया उंचावल्या आणि माशाच्या कालवणात बुडवून खाल्ली. मीही खाल्ली. सुमंगला मासे खाणाऱ्यांतली नव्हे, तिनं गंजीच दोनदा घेतली. त्या घरात आम्हाला परत कुणी काही विचारलं नाही. सकाळी निघताना देवम्मा वाळूपर्यंत आली आणि म्हणाली, "माझ्या वाटणीचं पण फिरून या."

मग आम्ही फिरलो. ओहोटीच्या कडक वाळूवरून चाललो, स्लिपरा घालून, कारण कोरडी वाळू दुपारी पाय भाजायची. सलवारीवर मिठाच्या रेघा उठल्या. खडकावर बसून लोक काय बोलतात ते आम्ही बोललो, म्हणजे काहीच नाही. होन्नावरला पावसाची एक सर आली आणि पिशव्यांच्या आतलं सगळं कोरडं राहिलं, तेव्हा मला स्वतःचा असा काही अभिमान वाटला की मी एकटीच ओरडले. समुद्रासमोर कितीही ओरडलं तरी चालतं. घरी मोठ्यानं हसले तरी आत्ती डोळे वटारायची.

भटकळहून बसनं परत आलो. दारात आईनं मला बघितलं आणि तिच्या तोंडून आधी "देवा!" निघालं. "काळी ठिक्कर पडलीस ग!" कारण आमच्या पाठीमागे आत्तीनं निपाणीकडचं एक स्थळ आणलं होतं. कापडाचे व्यापारी, घर भरलेलं, पत्रिका जुळलेली. बघायला येणार होते आंब्यातच. मग माझं बेसन सुरू झालं. बेसन आणि साय, लिंबू आणि हळद, सकाळ-संध्याकाळ. घरात आंबे पिकत होते आणि मी उजळत होते. तोंड पुष्कळ उजळलं. पाय मात्र हट्टाला पेटले. तो स्लिपरचा पट्टा काही जाईना.

"मेंदी लावू या, झाकेल," आई म्हणाली.

"नको."

"मग कुणी विचारलं तर गोकर्णाला गेलतीस. एवढं तरी ऐक."

मी गप्प राहिले. ते 'हो' नव्हतं, पण घरानं ते 'हो' धरलं.

आमच्या लोकांत मुलगी बघताना पाऊल बघतात. बोलून कुणी म्हणत नाही, पण ती उप्पिटाचा ट्रे घेऊन आली की पाहुण्यांतली जाणती बाई नजर खाली सोडते. पाऊल सपाट आहे काय, चाल कशी आहे. निपाणीच्या पाहुण्यांत मुलाची मोठी काकी होती. तिची नजर खाली गेली ती वर येईना.

"पायाला उन्हाचा चटका बसलाय वाटतं."

आत्ती तयारच होती. "गोकर्णाला गेलती हो, देवाला! नवस होता. अनवाणी चालली, एवढ्या उन्हात!"

खोलीत कौतुकाचा आवाज झाला. काकी मात्र पायाकडेच बघत होती. "अनवाणी चालली," ती शांतपणे म्हणाली, "तर चपलेचा पट्टा कसा उमटला?"

आत्तीच्या तोंडचं पाणी पळालं. आई पदर चाचपायला लागली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला एकदम मोकळं वाटलं. पाय तरी माझ्या बाजूचे निघाले! ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "देवाला गेले नव्हते, काकी. समुद्र बघायला गेले होते. मी आणि माझी मैत्रीण. सुम्मने."

मुलगा उप्पिटातले शेंगदाणे वेचत राहिला. एकदा तरी त्यानं विचारायचं, कसा होता समुद्र? विचारलं असतं, तर मी विचार केला असता. पाहुणे आंबे खाऊन गेले. आठवड्यानं निरोप आला की पत्रिका जुळत नाही. जुळलेली पत्रिका न जुळायला आठवडा पुरला.

घरात सुतक असल्यासारखं झालं. आत्ती माझ्याशी बोलेना, आई माझ्यासमोर बसून रडली, तिचं रडणं मला लागलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मलाही वाटलं, एक शब्द म्हणायला काय झालं होतं? समुद्र आटला असता काय?

काही दिवसांनी आत्ती दुसरं स्थळ घेऊन दुकानात आली. घरात मी ऐकून घेत नाही म्हणून थेट अप्पांकडे. मी मशीनवर होते. "या वेळी तरी देवाला गेलती म्हणायचं. तू सांग तिला. तुझं ऐकेल," ती अप्पांना म्हणाली.

अप्पा उठले, आत गेले आणि माझी पिशवी घेऊन आले. मिठानं पांढरी पडलेली, कोपऱ्यात अजून वाळू. दुकानाच्या दर्शनी खिळ्यावर एक गुंडाळी टांगलेली असायची. ती उतरवली आणि तिथं पिशवी टांगली.

"हे काय आणि?" आत्ती म्हणाली.

"नमुना," अप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक विचारेल तर सांगायला बरं. पोरीनं शिवली, आणि पाठीवर घालून पोरगी समुद्र बघून आली. कारवारपासून भटकळपर्यंत. टाका उसवला नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना ताडपत्री पाहिजे असते, अक्का."

अप्पा पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले. माझा मशीनवरचा पाय थांबला होता, तो पुन्हा चालायला बराच वेळ लागला.

त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अप्पांनी ते सांगितलं. रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात, तेही अप्पांनी! पाठीवरच्या पिशव्या आमच्याकडे आजही खपतात. माझं पुढे लग्न झालं की नाही, हा सवाल आता तुमच्या ओठांवर आला असेल. येऊ दे. सगळ्यांच्या येतो. मी कमरीपेठेत आहे, दुकान बघते, बरी आहे.

सुमंगलाचं लग्न त्याच वर्षी झालं. तिच्या सासरी तिच्या देवदर्शनाची इतकी कीर्ती झाली की दरवर्षी उन्हाळ्यात सासू तिला हौसेनं गोकर्णाला नेते. देवळात रांग, अभिषेक, प्रसाद, आणि परत. पाच-दहा पावलं टाकली की समुद्र. सासू म्हणते, "वाळूत कशाला? देव झाला ना?" मध्ये एकदा सुमंगला मला म्हणाली होती, "समुद्र आटला नाही ग. पण माझे पाय परत भिजले नाहीत." तिच्यावर मी हसले नाही. फोड तिच्या पायाला आले होते, माझ्या नव्हे.

आणि यंदा तिचा फोन. "पिशवी आहे काय ग माझी अजून?" तिची पिशवी लग्नात माझ्याकडेच ठेवून गेली होती.

काल ती आली. केसांत पांढरं, हातात मोबाइल, अंगात माझ्यासारखंच मांस. आत्ती आता थकलीय, दिवसभर दुकानातल्या खुर्चीत बसते. तिनं आम्हा दोघींना पिशव्या झटकताना बघितलं आणि जुना सवाल बाहेर आला.

"कुठं चाललाय ग?"

"समुद्रावर."

"देवाला?"

मी सुमंगलाकडे बघितलं. या वेळी बोलायची पाळी तिची होती, आणि तिला ते ठाऊक होतं.

"नाही, आत्ती," सुमंगला म्हणाली. "सासूलापण सांगून आलेय. देव दरवर्षी बघितला. आता समुद्र बघणार. सुम्मने."

आत्तीनं कपाळावर हात मारला. अप्पांनी सुमंगलाच्या पिशवीचा पट्टा धरून हिसका दिला. चौकोन, मधनं फुली. टाका तिथंच होता.

सकाळच्या कारवार गाडीनं निघतोय. कडक भाकरी घेतलेली नाही.